मी विकलेला जोसेफ

संत जोसेफ यांना मी विकलं. मुद्दाम नाही, कीर्तन ऐकता ऐकता विकलं. पण आमच्या बेळगावात लोक "का विकला" हे नंतर विचारतात, आधी "केवढ्याला गेला" हे विचारतात. तो आकडा मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही. संताची किंमत झाली एवढं दुःख पुरे, ती कमी झाली हे आणखी कशाला?

आमच्या घराला लागून फिलोमिना बारदेस्कर राहते. सगळी कॅम्पातली गल्ली तिला फिलूआक्का म्हणते. चर्चच्या मागच्या खोलीत ती दर रविवारी पोरांचा वर्ग घेते. वर्ग म्हणजे काय, तर ज्या संताचा सण जवळ आला असेल त्याची गोष्ट सांगायची आणि पोरांच्या हातून त्याच्या नावानं काहीतरी करून घ्यायचं. संत निकोलासचा दिवस आला की कागदाचे मोजे चिकटवून त्यात फुटाणे भरायचे. संत मार्टिनला पतंगाच्या कागदाचा कंदील. संत तेरेसाला गुलाब, तेही लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे. सगळा माल घरातला. काडेपेट्या, दोरे, मैद्याची खळ. त्या खोलीच्या खिडकीशी उभा राहून मी वर्षानुवर्षं त्या गोष्टी फुकट ऐकल्या आहेत. माझ्या गळ्यात माळ आहे, चांगला कीर्तनकार येणार म्हटलं की मी चिकोडीपर्यंत उपाशी जातो. पण गोष्ट सांगणारं तोंड गोड असलं की मांडव कुणाचा हे मी विचारत नाही.

तर डिसेंबर लागला आणि फिलूआक्का न्हाणीत घसरली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चाकाची खुर्ची आली. मी आणि आमच्या मनुबाई (माझी बायको, गल्लीत मी तिचा नवरा म्हणूनच ओळखला जातो) बघायला गेलो, तर ही बाई पायाबद्दल चकार शब्द बोलेना.

"मारुतीअण्णा, फादर इनास येऊन गेले," ती म्हणाली. "नवीन हायत, चांगले हायत. पण वर्ग बंद करूया म्हणतात. पोरं येत न्हाईत, तुम्हीपण आता थकलासा, जी चार पोरं हायत त्यांना नव्या वर्षापासून मोठ्या चर्चला व्हॅननं पाठवू, म्हणाले."

"मग?"

"मी म्हटलं, एकतीस तारखेला रविवार आलाय. पवित्र कुटुंबाचा सण. पोरं जोसेफ करतील, आई-बापांना दाखवतील. त्या दिवशी खोली भरली तर वर्ग राहू दे. न्हाय भरली तर मी किल्ली देते." तिनं पायावरची चादर सारखी केली. "डॉक्टर म्हणतात, उठून चालायचा प्रयत्न करा. चालून जाऊ कुठं, ते सांगत न्हाईत."

अशा वेळी शहाणा माणूस "देव बघून घेईल" म्हणतो आणि चहा पिऊन उठतो. मी म्हणालो, "आक्का, जोसेफचं माझ्याकडं लागलं."

मनुबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की चहात साखर असूनही तो कडू लागला.

फिलूआक्काची कृती फार सोपी होती. कागदाची नळी घ्यायची, तिला तपकिरी कागद गुंडाळायचा, कापसाची दाढी चिकटवायची, हातात काडेपेटीची काडी द्यायची. झाला जोसेफ. बोटाएवढा. प्रत्येक पोराचा एक.

आता इथं आमच्या शामूअण्णांचा प्रवेश होतो. शामूअण्णा समोर राहतात आणि सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांची बांधकामं सुधारतात. ते म्हणाले, "बोटाएवढा संत? मागच्या ओळीला काय दिसणार? वीतभर तरी पाहिजे." मला पटलं. वीतभर केला तर ते म्हणाले, "आता बाहुली वाटालीय. हातभर करा." हातभराच्या जोसेफला उभं राहता येईना, शामूअण्णांनी पायाची मजबुती, भार, वारा यांवर एक व्याख्यान दिलं आणि निष्कर्ष काढला की माणूस उभा राहतो कारण तो माणसाएवढा असतो. यात काहीतरी खोट आहे हे मला तेव्हाही जाणवलं होतं. पण मला कीर्तनातली सवय. संत म्हणजे कसा, समोर उभा दिसला पाहिजे, नुसता ऐकून भागत नाही. असा आमचा जोसेफ बोटाचा पुरुषभर झाला.

पुरुषभर माणूस भाताच्या पिंजराचा, म्हणजे वाळल्या गवताचा, कसा करायचा, हे डिसेंबरात आमच्या कॅम्पात कुणालाही विचारा. बाहेरगावच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं सरत्या वर्षाला ओल्डमॅन म्हणतात. जुनी पॅन्ट, जुना कोट, आत पिंजर, वर मुखवटा, असे म्हातारे महिनाभर रस्त्याकडेला विकायला उभे असतात. लोक आपापल्या गल्लीत नेतात आणि एकतीसच्या रात्री जाळतात. वर्ष गेलं, कटकट गेली. आमच्या कोपऱ्यावर गाद्या शिवणारा युवराज हे म्हातारे करतो आणि झकास करतो. त्यानं मला सांगाडा बांधून दिला, पिंजर दिलं, एक मुखवटाही दिला. मुखवटा तोंडात सिगारेट धरून हसत होता. सिगारेट मी काढली. हसू काही जाईना. दोन हात रंग दिला तरी आतून हसतच होता.

मी घाबरत घाबरत तो फिलूआक्काला दाखवला. ती म्हणाली, "हसू दे की. बायको-पोर सुखरूप घेऊन आलेला बाप हसणार न्हाय तर काय करणार?"

मग पोरं कामाला लागली. माझ्या वडिलांची घोंगडी त्याच्या अंगावर घातली, हातात वेळूची काठी, काठीला कागदाची पांढरी फुलं. दाढी पोरांनीच चिकटवली आणि इतकी खळ वापरली की एकतीस तारीख उजाडली तरी दाढी ओलीच. कार्यक्रम संध्याकाळी दिवेलागणीला. आमच्या गल्लीत थंडीचं ऊन येत नाही. ऊन कुठं येतं? युवराजच्या दुकानापुढं, जिथं ओल्डमॅनची रांग उभी असते, तिथं.

वाचकांनी आता कपाळाला हात लावला असेल. माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की मी जोसेफला रांगेत उभा केला नव्हता. रांगेच्या शेवटी, किंचित अंतर सोडून उभा केला होता.

"काका, जरा बसतायसा काय? जेवून येतो," युवराज म्हणाला. "गिऱ्हाईक आलं तर थांबवून ठेवा."

बसलो. ऊन छान होतं. कानात मोबाईलचे बोंडे घातले आणि कीर्तन लावलं. उत्तररंग सुरू झाला होता, बुवांचा आवाज लागला होता, मृदंग असा काही बोलत होता की माझे डोळे मिटले आणि मान डोलायला लागली. कीर्तनात माझी मान डोलते. ती माझी राहत नाही.

कुणीतरी खांद्याला हात लावल्यासारखं झालं. मी डोळे न उघडता मान डोलावली. पुन्हा हात लागला. पुन्हा डोलावली, जरा जोरातच, कारण तिथं समेची जागा होती. अभंग संपला, डोळे उघडले. मांडीवर नोटा होत्या. रांगेच्या शेवटी, किंचित अंतर सोडून, कुणीही नव्हतं.

युवराज ढेकर देत आला. नोटा बघून आधी खूश झाला. मग त्यानं रांग बघितली. मग मला बघितलं.

"काका! दाढीवाला?"

कानात बुवा पुढचा अभंग घेत होते.

नशिबानं समोरच्या पानपट्टीवाल्यानं गिऱ्हाईक ओळखलं. खानापूरकडचा ओमकार, तरुण मंडळाचा कार्यकर्ता, दरवर्षी इथूनच म्हातारा नेतो. युवराजकडं त्याचा नंबर होता. मी लावला. पलीकडं टेम्पोचा खडखडाट आणि गाणी.

"ओमकार, अरे बाबा, तू नेलास तो ओल्डमॅन न्हवं रं! तो संत हाय!"

"कोण बोलतंय?"

"मी… मी विकणारा."

"काका, तुम्हीच मान हलवलासा की! दोन दोनदा विचारलं. पोरं म्हणालीत, असला दाढीवाला आजपर्यंत कुणी आणला न्हवता. आम्ही देसूरच्या फाट्यावर चहाला थांबणार हाय. पायजे तर या. पण लवकर या, पोरं लई उतावीळ हायत."

पोरं उतावीळ आहेत, या वाक्याला मी उठून उभा राहिलो. काही गावांतली पोरं रात्रीपर्यंत दम धरत नाहीत हे मला ठाऊक होतं. खुर्चीतली फिलूआक्का डोळ्यासमोर आली. आज तिनं सकाळीच केस विंचरून घेतले होते. किल्ली पदराला बांधली होती. द्यायला की ठेवायला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

स्कूटर काढली. दारात मनुबाई.

"कुठं निघालासा?"

"जोसेफ आणायला."

"कुठं गेलाय तो?"

"देसूरला."

मनुबाईंनी एक क्षण विचार केला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मला याहून जास्त भीती कशाचीच वाटलेली नाही. "मी पोरांना धरून ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही या."

पिरनवाडी ओलांडेपर्यंत मी विठ्ठलाचं नाव घेतलं, मच्छे आलं तसा जोसेफचाही धावा सुरू केला. कुणाची बाब कुणाच्या खात्यात येते हे आपल्याला काय ठाऊक. पुढं एक ओल्डमॅन रस्त्याकडेला दिवसाढवळ्या जळताना दिसला. पोरं भोवती नाचत होती. माझा हात ब्रेकवर गेला. दाढी आहे का? दाढी नव्हती. कोट होता. मी त्या जळणाऱ्या परक्या म्हाताऱ्याला मनापासून धन्यवाद दिले आणि पुढं निघालो.

फाट्यावर टेम्पो उभा होता. हौद्यात जोसेफ बसला होता, घोंगडी पांघरून, हसत. त्याच्या भोवती पोरं दाटीवाटीनं बसून काहीतरी खुडबुड करत होती.

ओमकार वाईट मुलगा नव्हता. सगळं ऐकून घेतलं. चहा पाजला. मी नोटा पुढं केल्या तर त्यानं हात मागं घेतला.

"पैशाचं काय न्हाय काका. पण रिकाम्या हातानं गावात कसा जाऊ? अख्खं गाव म्हातारा बघायला थांबलंय. संत तुम्ही न्या, व्हय, संताला जाळून आम्हाला तरी कुठं झोप येणार हाय? पण म्हातारा द्या."

"आता मी म्हातारा कुठून देऊ?"

टेम्पोतली सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. आधी तोंडाकडं, मग कोटाकडं, मग टोपीकडं. त्यांच्या डोळ्यांत जी पसंती उतरली, तशी पसंती मला लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही मिळाली नव्हती.

शेजारच्या शेतात पिंजराची गंजी होती. मालकाला विचारून पोरांनी दोन भारे आणले आणि बघता बघता माझ्या लोकरीच्या कोटात, सदऱ्यात, मफलरीत एक म्हातारा उभा केला. डोक्यावर माझी टोपी. मुखवटा नव्हता म्हणून एकानं पोत्यावर कोळशानं तोंड काढलं. ते माझ्यासारखं दिसावं असा त्याचा हेतू नसेल. पण दिसत होतं. "पॅन्ट?" एक कार्टं म्हणालं. ओमकारनं त्याला दटावलं आणि माझी अर्धी अब्रू वाचली.

उरलेली अर्धी बनियनवर, गळ्यात माळ घालून, डिसेंबरातल्या वाऱ्यात बेळगावकडं निघाली. मागं जोसेफ. त्याचे दोन्ही हात माझ्या पोटाभोवती दोरीनं बांधलेले, दाढी माझ्या मानेला लागलेली. अजून ओलीच.

शहराच्या तोंडाशी नाकाबंदी. वर्षाचा शेवटचा दिवस, दारू पिऊन चालवणाऱ्यांना धरत होते. बनियनवर स्कूटर चालवणारा, पिंजराचा माणूस कवटाळून निघालेला म्हातारा बघून हवालदाराचा चेहरा उजळला. त्याचा शोध संपला होता.

"गाडी साइडिगे हाक्री. हिंद यार्री?" गाडी बाजूला घ्यायला लावून मागं कोण म्हणून त्यानं विचारलं.

"संत," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

त्यानं शांतपणे यंत्र पुढं केलं. "ऊद्री."

फुंकलो. चाळीस एकादश्या एका वर्षात केल्यासारखं तोंड करून फुंकलो. यंत्र गप्प. त्यानं यंत्र हापटलं, पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा गप्प. तो नाराज झाला. यंत्र बिघडलंय अशी नोंद करू की हा माणूस बिघडलाय अशी, या पेचात तो असताना मी माझ्या मोडक्या कानडीत सगळी हकिकत सांगितली. फिलूआक्काचं हाड, खोलीची किल्ली, दाढीची खळ. तो ऐकता ऐकता माझ्या माळेकडं बघत होता. शेवटी हातानं जायची खूण करत म्हणाला, "होग्री, होग्री," आणि जोसेफकडं बोट दाखवून मराठीत पुढं म्हणाला, "पण ह्यांना हेल्मेट पायजे होतं."

दिवेलागण झालीच होती. खोलीत पाऊल टाकलं आणि थबकलो. खोली भरली होती. नुसती भरली नव्हती, दाराबाहेर चपलांचा ढीग होता. मनुबाईंनी पोरांना धरून ठेवते म्हणजे काय केलं होतं, ते मला नंतर कळलं. तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं होतं की आमचे हे येशूबाप्पाच्या वडिलांना विकून आलेत, आणायला गेलेत, बघायला या. हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध, शामूअण्णांच्या घरचे पाहुणे, सगळे आले होते. लोकांना संत बघायचा होता की मला, हा प्रश्न मी उकरत नाही.

मनुबाईंनी स्वतःची फुलाफुलांची शाल माझ्या अंगावर टाकली. मी जोसेफला पुढं, गव्हाणीतल्या मारियेच्या आणि बाळाच्या शेजारी उभा केला. फिलूआक्काची खुर्ची त्याला लागूनच होती. तिनं हात लांब करून त्याची दाढी चाचपली आणि माझ्याकडं बघून डोळे मिटले. मी भिंतीला टेकलो. झालं, म्हटलं. पांडुरंगा, झालं.

फादर इनास यांनी बायबलातली त्या दिवसाची गोष्ट वाचली. देवदूत जोसेफच्या स्वप्नात येतो, सांगतो की ऊठ, राजा हेरोद बाळाच्या जिवावर उठलाय, आई-बाळाला घेऊन मिसर देशाला पळ. मग दिवे मालवले. पोरांनी ओळीनं मेणबत्त्या पेटवल्या. आता एकेकानं पुढं यायचं आणि जोसेफच्या पायाशी मेणबत्ती ठेवायची. ओळ सरकायला लागली.

आणि माझा मोबाईल थरथरला. ओमकार.

"काका, पोचलासा? बरं झालं. एक सांगायचं राहिलं गडबडीत. पोरांनी त्याच्या पोटात माळा भरल्यात. तुम्ही यायच्या आधीच. लवंगी हायत… आणि सुतळी बॉम्बपण हायत. तेवढं काढून घ्या हं. हॅलो? काका?"

पहिलं पोर जोसेफपासून चार हातांवर होतं.

मला ओरडता आलं असतं. पण खोलीला दार एक, तेही अरुंद, दारात गर्दी, आणि सगळ्यांत पुढं, पिंजराला खेटून, पाय हलवू न शकणारी फिलूआक्का. "फटाके" हा शब्द उच्चारला असता तर फटाक्यांची गरजच उरली नसती. माणसंच एकमेकांवर पडली असती. गर्दीला न ढकलता हलवायची एकच विद्या मी आयुष्यात बघितली आहे. मी दोन ढांगांत पुढं गेलो, जोसेफ आणि पोरं यांच्या मधे उभा राहिलो आणि हात वर करून मोठ्यानं सूर लावला.

"ऊठ जोसेफा, ऊठ रे बापा, रात्र वैऱ्याची आली!"

फादर इनास यांचं तोंड उघडं राहिलं.

"मारिया म्हणते, धनी, काय झालं? जोसेफ म्हणतो, बोलू नकोस, मारिये. बाळाला उचल. आणि हे दिवे कोण लावून बसलंय? राजाचे शिपाई डोंगरावरून बघतायत! जिथं उजेड, तिथं घोडे! पोरांनो, बाळाला वाचवायचंय का?"

"व्हय!"

"मग विझवा दिवे! फुंकर घाला! एकसुद्धा ठेवू नका!"

फू, फू, फू. ओळभर अंधार सरकत गेला. एक ज्योत राहिली. पहिल्या नंबरची लवीना, दुसरीतली, दोन्ही हातांनी मेणबत्ती धरून जोसेफच्या घोंगडीपाशी उभी.

"मी न्हाय विझवणार," ती म्हणाली. "मम्मीनं सांगितलंय, शेवटपर्यंत जपायची."

घोंगडीतून एक पिंजराची काडी बाहेर आली होती. ज्योत तिच्याकडं वाकत होती. मी गुडघ्यावर बसलो. आता मी गात नव्हतो, कुजबुजत होतो.

"लवीनाबाई, जोसेफ तुमच्या पाया पडतो. माझं एकच बाळ हाय. तुमच्या दिव्यानं त्यांनी त्याला बघितलं तर मी काय करू?"

तिनं बाळाकडं बघितलं. जोसेफकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं ते काही नाटकाचं नव्हतं.

"फू," तिनं केलं.

मी जोसेफला मिठी मारून उचलला. "चला मिसर देशाला! आधी बाळ, मग आई, मग सगळे! आवाज करायचा न्हाय, एकमेकांचा हात सोडायचा न्हाय!" मनुबाईंना काहीच ठाऊक नव्हतं, पण माझा चेहरा तिला ठाऊक होता. तिनं फिलूआक्काची खुर्ची फिरवली. दारातली माणसं बाजूला झाली. अंधारात, हळू आवाजात मी पद लावत राहिलो, जोसेफच्या तोंडून जे सुचेल ते बोलत राहिलो. वाळवंट किती लांब आहे, माझ्या सुताराच्या हातांना तलवार धरता येत नाही, फक्त बाळ धरता येतं, देवा, तेवढं धरू दे. मागून पोरं पावलं न वाजवता येत होती. रस्त्यावरची दोन-चार पोरंही कुठं चाललाय म्हणून न विचारता ओळीत शिरली. चर्चच्या आवाराला एक फेरी झाली तेव्हा सगळे माझ्याबरोबर धरपद म्हणत होते, आणि शामूअण्णा सगळ्यांत मोठ्यानं, बेसूर.

आवाराच्या टोकाला पाण्याची टाकी आहे. तिथं मी जोसेफला टेकवला, घोंगडी बाजूला केली आणि पोटात हात घातला. एक माळ निघाली. दुसरी निघाली. मग हिरव्या सुतळीचे गोळे. फादर इनास माझ्यामागं उभे होते. मी ते एकेक त्यांच्या हातात देत गेलो. तिसऱ्या गोळ्याला त्यांना ते काय आहे ते कळलं आणि ते टाकीच्या कठड्यावर बसले.

अंगणात पोरं गोंगाट करत होती. लवीना घरी जायला तयार नव्हती, मिसर देश आला का म्हणून विचारत होती.

"फादर," फिलूआक्का खुर्चीतून म्हणाली. तिनं पदराची गाठ सोडून किल्ली हातात घेतली होती. "काय करायचं हिचं?"

फादर इनास यांनी हातातल्या सुतळी बॉम्बांकडं बघितलं, मग अंगणाकडं. "आक्का, ठेवा तुमच्याजवळच," ते म्हणाले. "वर्ग चालू राहील. फक्त एक अट. चिकटवायचं काम मारुतीरावांकडं द्यायचं नाही."

माझा अपमान झाला. पण हातात फटाके धरलेल्या माणसाशी वाद घालू नये. फादर ते बादलीत बुडवायला गेले, मनुबाई चपलांच्या ढिगात माझ्या चपला शोधायला गेल्या. मी फिलूआक्काच्या खुर्चीशी उकिडवा बसलो.

"अण्णा," ती म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. आमच्या पुस्तकात जोसेफ एक शब्द बोलत न्हाय."

"एकही न्हाय?"

"एकही न्हाय. देवदूत सांगतो, हा उठतो आणि करतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प. आणि तुम्ही त्याला आवारभर बोलत फिरवलासा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आक्का, चुकलं माझं. जीव वाचवायच्या नादात…"

"चुकलंच," ती म्हणाली. मग खुर्चीच्या दांड्यांवर दोन्ही हात रोवून, दात आवळून, ती हळूहळू एका पायावर उभी राहिली आणि जोसेफची वाकडी झालेली दाढी तिनं सरळ केली. "पण दोन हजार वर्षं गप्प हाय बिचारा. बोलला एक दिवस तर काय बिघडलं?"